कामाच्या ठिकाणचं ऑनलाइन प्रशिक्षण : पुणे परिसरातल्या कंपन्यांना पडणारे प्रश्न

भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावचे कारखाने आणि हिंजवडी-खराडीची ऑफिसं यांतल्या एचआर, ट्रेनिंग आणि क्वालिटीच्या मंडळींकडून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा कल कारखान्याकडे जास्त आहे, कारण ऑनलाइन प्रशिक्षणाची खरी ओढाताण तिथेच होते. हात तेलकट, कानात इअरप्लग, फोन गेटवर जमा आणि पाळी सुटायला दहा मिनिटं, अशा माणसाला शिकवायचं असतं.

ऑनलाइन सुरू केलं तर वर्गातलं आणि मशिनवरचं प्रशिक्षण बंद करता येईल का?

वर्गातलं बरंचसं करता येईल. मशिनवरचं नाही. समजणं आणि हात बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्क्रीनवर फक्त पहिली होते.

मायक्रोमीटरचं उदाहरण घ्या: ०-२५ मिमीचा, दहा मायक्रॉन वाचणारा. सहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळं सांगून होतं. अ‍ॅनव्हिल आणि स्पिंडलची तोंडं पुसायची, बंद करून शून्य बघायचं, जॉब (मोजायचा भाग) धरून रॅचेट (ठरावीकच दाब पडू देणारी टोकाची फिरकी) फिरवायचा, दोन-तीन वेळा टक-टक झालं की थांबायचं, आधी स्लीव्ह (स्थिर नळीवरच्या रेघा) वाचायची आणि मग थिंबल (तिच्यावर फिरणारी नळी). ट्रेनी हे ऐकतो, चाचणीत दहापैकी दहा मिळवतो आणि बेंचवर आला की थिंबल धरूनच आवळतो.

म्हणून व्हिडिओनंतर लगेच दहा जॉब द्या. त्यांवर नंबर घाला, क्रम बदलून प्रत्येक जॉब तीनदा मोजायला लावा आणि ती तीस मापं इन्स्पेक्टरच्या मापांशी ताडून बघा. चूक कुठे आहे ते आकडेच सांगतात. एकाच जॉबची तीन मापं वेगवेगळी आली तर रॅचेट नीट वापरला जात नाही. सगळी मापं एकाच दिशेने सारखीच सरकलेली असतील तर शून्य बघितलेलं नाही. मधलंच एखादं बरोबर ०.५० मिमीने चुकलं असेल तर स्लीव्हवरची अर्ध्या मिमीची रेघ नजरेतून सुटली आहे. या तीन चुकांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि ‘व्हिडिओ पुन्हा बघा’ हा त्यातल्या एकीवरही उपाय नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम झाला. काम शिकवण्याची त्यातली चार पावलं आजही तशीच लागू पडतात: माणसाला तयार करणं, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर पाठपुरावा करणं. ऑनलाइनने पहिलं पाऊल पूर्ण होतं आणि दुसऱ्याचा मोठा भाग होतो. उरलेली दोन सुपरवायझरची आहेत, आणि त्यासाठीचा वेळ त्याच्या पाळीच्या नियोजनात दिसला पाहिजे.

धडा किती मिनिटांचा असावा?

एका धड्यात एकच काम, हा खरा नियम. मिनिटं त्यावरून ठरतात आणि बहुतेक वेळा पाच ते सात भरतात. ‘मायक्रोलर्निंग’च्या नावाखाली एका तासाचं पीपीटी दहा तुकड्यांत कापलं तर हाती दहा अर्धवट तुकडेच येतात. मार्च २०२० नंतर बऱ्याच ठिकाणी दिवसभराचा वर्ग जसाच्या तसा व्हिडिओ कॉलवर गेला आणि दुपारनंतर निम्मे कॅमेरे बंद. तो दोष माध्यमाचा नव्हता, मांडणीचा होता.

मराठी निवेदनाचा सावकाश, स्पष्ट वेग मिनिटाला १०० ते ११० शब्द धरा. म्हणजे सहा मिनिटांसाठी सहाशे-साडेसहाशे शब्दांची संहिता लागते. संहिता हजारावर गेली की दोन धडे करा.

व्हिडिओ आपल्याच फोनवर काढला तर चालेल का?

उत्तम चालतो. आपलंच मशिन आणि आपलंच फिक्श्चर दिसलं की ऑपरेटर लक्ष देऊन बघतो, विकत घेतलेल्या परदेशी व्हिडिओकडे तसं बघत नाही. फोन आडवा धरा आणि ट्रायपॉडवर लावा. कॅमेरा ऑपरेटरच्या खांद्यावरून हातांकडे बघणारा हवा. समोरून घेतला तर डावं-उजवं उलटं दिसतं आणि नवा माणूस गोंधळतो.

बहुतेक व्हिडिओ आवाजामुळे वाया जातात. चालू लाइनवर बोलू नका. दृश्य आधी घ्या, निवेदन नंतर बंद खोलीत, कॉलरला लावायच्या माइकवर रेकॉर्ड करा. मग त्याच दृश्यावर मराठी आणि हिंदी असे दोन आवाज चढवता येतात. मराठवाडा-विदर्भातून आलेली मुलं आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुलं एकाच लाइनवर असतात, तेव्हा हे लागतंच.

एमपी-४ मध्ये ७२० पी आणि सेकंदाला दीड मेगाबिट एवढं पुरेसं होतं. त्या हिशेबाने मिनिटाला सुमारे ११ एमबी लागतात, म्हणजे सहा मिनिटांचा धडा ६५ ते ७० एमबीचा. ट्रेनिंग हॉलमध्ये तीस जणांनी एकदम लावला तर ४५ मेगाबिटची सलग गरज पडते, आणि भिंतीवरचा एकुलता एक वाय-फाय राउटर तिथेच मान टाकतो. एवढे जण एकत्र असतील तर प्रोजेक्टरवर एकदाच दाखवा, फोनवर फक्त चाचणी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला तर तो आकसतो आणि गेजवरचे आकडे वाचता येत नाहीत. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नाही. मग?

लाइनच्या टोकाला, सुपरवायझरच्या टेबलाशी, एक टॅबलेट बसवा. हिशेब सोपा आहे. लॉगिन धरून एका माणसाला एका धड्याला आठ मिनिटं लागतात, म्हणजे १५ माणसांना १२० मिनिटं. पाळी बदलताना आणि चहाच्या वेळी मिळून रोज वीस मिनिटं टॅबलेट मोकळा मिळाला, तर सहा दिवसांत पाळीतल्या सगळ्यांचा एक धडा होतो. म्हणजे पाळीतल्या दर पंधरा जणांमागे एक टॅबलेट आणि आठवड्याला एकच धडा. यापेक्षा जास्तीचं कॅलेंडर कागदावर छान दिसतं, पण मग शेवटच्या दिवशी कोणीतरी सगळ्यांच्या नावाने बटणं दाबत बसतं.

ते टाळायचं तर पासवर्ड सोपा असला पाहिजे. टोकन नंबर आणि चार आकडी पिन एवढं पुरे. पिन मात्र ज्याची त्याला द्या, सुपरवायझरकडे यादी ठेवू नका.

एलएमएस, म्हणजे धडे, चाचण्या आणि नोंदी सांभाळणारी प्रणाली, विकत घ्यावी का?

शंभराच्या आत माणसं असतील आणि वर्षाला दहा-बारा धडे असतील, तर आधी गूगल फॉर्म, एक सामायिक फोल्डर आणि एक्सेल यांवर सहा महिने चालवा. कोणते अहवाल खरंच लागतात ते त्यातून कळतं. ते कळण्याआधी केलेली खरेदी बहुधा चुकते.

पुढची पायरी म्हणजे मूडल. २००२ पासून उपलब्ध असलेली ही मुक्त प्रणाली आहे आणि तिला परवाना शुल्क नाही. सर्व्हर, बॅकअप आणि देखभालीचा माणूस मात्र लागतोच. तो नसेल तर ‘फुकट’ मूडल सगळ्यात महाग पडतं. नव्याने बसवताना चार अडचणी हमखास येतात.

पहिली, व्हिडिओ चढत नाही. मूडल ज्या पीएचपीवर चालतं तिची मूळची फाइल-मर्यादा २ एमबी असते, ती आणि तिच्या जोडीची पोस्ट-मर्यादा, दोन्ही वाढवाव्या लागतात. दुसरी, ईमेल जात नाहीत आणि ‘पूर्ण’च्या खुणा उशिरा पडतात. क्रॉन नावाचं पार्श्वभूमीचं काम दर मिनिटाला चालायला हवं, ते कोणी लावलेलंच नसतं. तिसरी, माणसांची यादी चढवताना प्रत्येकाचा वेगळा ईमेल मागितला जातो आणि ऑपरेटरकडे तो नसतो. टोकन नंबरवरून कंपनीच्या डोमेनचा ईमेल तयार करा आणि त्या खात्यांचे ईमेल बंद ठेवा.

चौथी अडचण एक्सेलची आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. टोकन नंबर ००४५ असेल तर एक्सेल तो गुपचूप ४५ करून टाकतं. दुसऱ्या दिवशी निम्मी लाइन ‘लॉगिन होत नाही’ म्हणून उभी. आकडे भरायच्या आधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करून घ्या. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल साध्या सीएसव्हीत सेव्ह झाली आहे, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा.

धडा शेवटपर्यंत बघितला तरी ‘अपूर्ण’ दिसतो. का?

विकत घेतलेले किंवा साधनांनी बनवलेले बहुतेक धडे स्कॉर्म १.२ मध्ये असतात. धडा आणि एलएमएस यांनी एकमेकांना नोंदी कशा कळवायच्या, ते ठरवणारा हा २००१ चा प्रमाणक आहे. त्यात ‘कुठपर्यंत आलो’ हे लक्षात ठेवायला ४०९६ अक्षरांचीच जागा असते. धड्यात ऐंशी-नव्वद स्लाइड आणि प्रत्येकीवर क्लिक करायच्या गोष्टी असतील तर ती जागा भरते, मग पुन्हा उघडल्यावर माणूस थेट पहिल्या स्लाइडवर येतो. उपाय दोन: धडा लहान करा, नाहीतर स्कॉर्म २००४ मध्ये काढून घ्या, त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत ही जागा ६४,००० अक्षरांची आहे.

दुसरं कारण साधं आहे. शेवटी ‘बाहेर पडा’ न दाबता ब्राउझरचा टॅबच बंद केला जातो आणि शेवटची नोंद सर्व्हरपर्यंत पोचत नाही. तिसरं, ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ यांतली गल्लत. धडा ‘उत्तीर्ण’ कळवतो, प्रणाली ‘पूर्ण’ची वाट बघत बसते. दोन्हीकडच्या सेटिंग्ज शेजारी ठेवून जुळवा.

आणि झिप फाइल चढतच नसेल तर बहुधा फोल्डरच्या आत फोल्डर झालं आहे. मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे धड्यात काय काय आहे याची यादी, झिपच्या अगदी वरच्या पातळीवर असली पाहिजे.

चाचणीची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. काय करावं?

दहा प्रश्न विचारायचे तर तीसची पेढी बनवा. प्रश्न आणि पर्याय दोन्हींचा क्रम बदलता ठेवा. पण मुळात उत्तर फिरवता येऊ नये असे प्रश्न लिहायला शिकलं पाहिजे. ‘शून्य त्रुटी म्हणजे काय?’ याचं उत्तर पाठ होतं. मायक्रोमीटरच्या स्केलचा फोटो देऊन ‘माप किती?’ विचारलं, आणि असे बारा फोटो पेढीत असले, तर ज्याला वाचता येतं तोच सोडवतो.

चुकीचे पर्याय लिहिताना खऱ्या चुकांचे आकडे वापरा. वरच्या उदाहरणात अर्ध्या मिमीने कमी असलेलं माप हा एक पर्याय हवाच. मग कोणी कोणता पर्याय निवडला यावरूनच त्याची अडचण कळते. ‘वरील सर्व’ टाळा. बरोबर उत्तर सगळ्यात लांबलचक नाही ना, हेही बघा. घाईत प्रश्न काढणाऱ्याकडून हे नेहमी होतं आणि मुलं ते दुसऱ्या चाचणीतच ओळखतात.

महिन्यातून एकदा निकाल चाळा. जो प्रश्न सगळ्यांचाच बरोबर येतो तो काही मोजत नाही, तो बदला. जो बहुतेकांचा चुकतो आणि सगळे एकच चुकीचा पर्याय निवडतात, त्यात आधी उत्तरसूची तपासा, मग वाक्यरचना, मग धडा. माणसांना दोष देण्याची वेळ सगळ्यात शेवटी येते.

मराठी मजकूर स्क्रीनवर मोडतो. फॉन्ट बदलून भागेल का?

बहुतेकदा गोंधळ दोन ठिकाणी असतो. जुन्या वर्क इन्स्ट्रक्शन जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या एलएमएसमध्ये चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

दुसरा घोळ व्हिडिओ आणि धडे बनवणाऱ्या साधनांचा. देवनागरी नीट न मांडणारं साधन ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकतं आणि ‘ऱ्या’ मोडतं. ‘ऱ्या’ मोडला तर नुसतं वाईट दिसत नाही, अर्थ बदलतो. कँटीनच्या स्वच्छतेचा धडा ‘आचाऱ्यांसाठी’ असतो, तो ‘आचार्यांसाठी’ होऊन बसतो. कोणतंही नवं साधन घ्यायच्या आधी त्यात हे वाक्य टाकून बघा: ‘कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षणात मिळालेल्या सूचना पाळाव्यात.’ ‘ऱ्या’, ‘क्ष’, ‘प्र’ आणि ‘शि’मधली वेलांटी, सगळं एका ओळीत तपासून होतं. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हे दोन्ही मोफत फॉन्ट छोट्या स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतात.

शब्दांचं म्हणाल तर लाइनवर जे बोलतात तेच लिहा. जॉब, चक, ऑफसेट, बर, रिवर्क. ‘कार्यवस्तू’ लिहिलं तर ऑपरेटर आधी तो शब्दच सोडवत बसतो. मराठीचा आग्रह वाक्यात असू द्या: सरळ, छोटं, क्रियापद स्पष्ट असलेलं वाक्य. ‘गेज वापरण्यात यावा’ नको, ‘गेज आत जात नसेल तर जॉब बाजूला ठेवा’ हवं.

एआयकडून धडे बनवून घ्यावेत का?

पहिला मसुदा, प्रश्नांच्या कल्पना, हिंदी भाषांतराचा कच्चा खर्डा आणि उपशीर्षकं यांसाठी जरूर. हिंजवडीतल्या सपोर्ट टीमसाठी चिडलेल्या ग्राहकाशी बोलण्याचा सराव हाही चांगला उपयोग आहे, कारण तिथे एकच प्रसंग वीस वेळा करून बघता येतो.

आकड्यांच्या बाबतीत मात्र विश्वास टाकू नका. टॉर्क, तापमान, सहनमर्यादा, रसायनाचं प्रमाण यांत एआय ठाम सुरात चुकीचा आकडा देतो, आणि तो खोटा वाटत नाही हीच खरी भीती आहे. धड्यातला प्रत्येक आकडा चालू आवृत्तीच्या एसओपीशी (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीशी) ताडायचा आणि ताडणाऱ्याने सही करायची, यात सूट नाही. ग्राहकाचं ड्रॉइंग सार्वजनिक एआय साधनात कधीही टाकू नका. गोपनीयतेचा करार तुम्ही केलेला आहे, त्या साधनाने नव्हे.

संगणकी आवाज वापरणार असाल तर आकडे अक्षरांत लिहा. ‘०.०१’ तो कसाही वाचतो, ‘दहा मायक्रॉन’ बरोबर वाचतो.

आणि व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चढवलेल्या पडद्यातलं आभासी वास्तव?

जिथे चूक जिवावर बेतते किंवा माल महाग आहे तिथे: वेल्डिंग, पेंट, उंचीवरचं काम, आगीतून बाहेर पडणं. बाकी ठिकाणी तेच पैसे एक बेंच आणि जुनं मशिन सरावासाठी राखून ठेवण्यात घाला.

परिणाम कसा मोजायचा? व्यवस्थापन ‘९८ टक्के पूर्ण’ एवढंच बघतं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या आजही कामी येतात: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामात काय बदललं आणि त्याचा निकाल काय लागला. ‘पूर्ण’ची टक्केवारी यांतल्या पहिल्या पातळीतसुद्धा बसत नाही. ती फक्त धडा उघडला गेला एवढं सांगते.

उलट्या क्रमाने चला. आधी एक आकडा निवडा, उदाहरणार्थ एका लाइनवरचं मापाच्या चुकीमुळे होणारं रिजेक्शन. प्रशिक्षणाआधीचे आठ आठवडे आणि नंतरचे आठ आठवडे नोंदवा. शक्य असेल तर एका पाळीला आधी द्या आणि दुसरीला महिन्याने. मग फरक प्रशिक्षणाचा की नव्या टूलचा, हे काहीसं वेगळं करता येतं. मधल्या काळात सुपरवायझरने आठवड्याला पाच जणांना काम करताना बघून तीन खुणा करायच्या: शून्य बघितलं का, रॅचेट वापरला का, माप लिहिलं का.

विसरण्याचाही हिशेब ठेवा. शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग तो वेग मंदावतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तीन-तीन प्रश्न विचारा. धडा पुन्हा दाखवण्यापेक्षा आठवायला लावणं जास्त टिकतं.

ऑडिटला ऑनलाइन नोंदी चालतात का?

चालतात, पण उपस्थितीचा पुरावा म्हणजे क्षमतेचा पुरावा नव्हे. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ चं कलम ७.२ क्षमता ठरवायला, ती मिळवून द्यायला, केलेल्या उपायांची परिणामकारकता तपासायला आणि नोंद ठेवायला सांगतं. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाची अट वेगळी आहे. स्किल मॅट्रिक्समधला (कोणाला कोणतं काम किती येतं त्या तक्त्यातला) चार भागांचा गोल चाचणीच्या गुणांवरून भरू नका. चाचणी पास म्हणजे फार तर पाव गोल. देखरेखीखाली काम केलं की अर्धा, एकट्याने केलं की पाऊण, दुसऱ्याला शिकवता आलं की पूर्ण. ऑडिटर भिंतीवरचा तक्ता बघून सरळ त्या माणसासमोर जाऊन उभा राहतो, हे ध्यानात ठेवा.

पॉशचं (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं) प्रशिक्षण ऑनलाइन दिलं की झालं का?

२०१३ च्या कायद्यात कलम १९ नुसार ठरावीक काळाने कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी. कंत्राटी कामगार, ट्रेनी आणि अ‍ॅप्रेंटिससुद्धा या कायद्याच्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत येतात, आणि यादी करताना नेमके तेच सुटतात. मूलभूत माहिती धड्यातून द्या, पण वर्षातून एकदा तरी मराठीत आणि हिंदीत, समितीच्या सदस्यांसमोर बसून प्रश्न विचारता येतील अशी बैठक घ्या. तक्रार कोणाकडे करायची तो चेहरा बायकांना माहीत असला पाहिजे.

सरकारी योजना आणि मोफत अभ्यासक्रम कितपत उपयोगी आहेत?

डिप्लोमा-इंजिनिअर मंडळींसाठी एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम, फार चांगलं आहे. हे अभ्यासक्रम ‘स्वयं’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात आणि शिकणं मोफत आहे. प्रमाणपत्रासाठी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण, त्यांत अनुक्रमे किमान १० आणि ३० हवेत. कंपनीने परीक्षेची फी भरली आणि परीक्षेच्या दिवशी सुट्टी दिली तर पूर्ण करणारे वाढतात.

अ‍ॅप्रेंटिसचं गणित वेगळं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि ही मोजणी करताना कंत्राटी माणसंही धरतात. प्रत्यक्ष मशिनवरच्या सरावाची उत्तम संधी म्हणून त्यांच्याकडे बघा, नुसते जास्तीचे हात म्हणून नको.

‘७०-२०-१०’ आणि ‘शिकण्याच्या शैली’ यांवर कॅलेंडर बेतावं का?

नको. ‘७०-२०-१०’ (सत्तर टक्के शिकणं कामातून, वीस इतरांकडून, दहा वर्गातून) हे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आठवणींवरून निघालेलं ढोबळ प्रमाण आहे, लाइनवरच्या माणसाचं ते मोजमाप नाही. एक बघून शिकतो, दुसरा ऐकून, म्हणून प्रत्येकाला वेगळा धडा द्या, या कल्पनेला २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात पुरेसा आधार सापडला नाही. माध्यम विषयाप्रमाणे निवडा: आवाजावरून बेअरिंगचा बिघाड ओळखायचा असेल तर सगळ्यांनाच ऐकवा.

कॅलेंडर कधी लावावं, आणि वेळ कोणाचा?

पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते आणि त्याच दिवशी देखभालीसाठी वीजही जाते. सर्व्हर कंपनीतच असेल तर गुरुवारी मुदत संपणारा धडा ठेवू नका. पालख्यांचे दिवस, गणपतीचे दहा दिवस, खंडेनवमी आणि मार्चअखेर मोकळे सोडा. जानेवारी-फेब्रुवारी आणि पावसाळ्याचा मधला काळ बरा.

वेळ कंपनीचाच. पाळी सुटल्यावर कामगारांच्या बसला दहा मिनिटं उरलेली असताना धडा लावला तर माणूस स्क्रीनकडे नाही, घड्याळाकडे बघतो. सक्तीचं प्रशिक्षण हे काम आहे. पाळीनंतर थांबवायचं असेल तर ओव्हरटाइम द्या, तो कायद्याने दुप्पट दराने आहे, आणि त्या दिवशी उशिराच्या बसची सोय आधी करून मगच सूचना फलकावर लावा.